बॅलागॅटच्या पुढं

लोट्यातलं पाणी कमी होत नव्हतं.

वैशाख चांगलाच तापलेला. लामता गावातल्या घराच्या उंबऱ्यावर पितळी लोटा काठोकाठ भरून ठेवला होता, आणि ऊन असं की दुपारी उंबऱ्यावर पाय टेकला तर चटका बसावा. अशा हवेत उघड्या भांड्यातलं पाणी दिवसाकाठी बोटभर तरी उतरतंच. ज्योत्स्ना बालाघाटला मुलींच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. पाणी उन्हात उडून जातं हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. तिनं शेजारी तसाच दुसरा लोटा भरून ठेवला. संध्याकाळी पाहिलं, तर दुसऱ्यातलं पाणी नियमाप्रमाणे खाली गेलेलं. पहिल्यातलं मात्र काठाशी, किंचित फुगीर, सकाळी होतं तसंच.

"पाह्यलं?" उंबऱ्याच्या आत बसलेली लीलाबाई म्हणाली. "मी म्हणत होती तुले. तो आलाच नाई."

तो म्हणजे गजेंद्र, ज्योत्स्नाचा मोठा भाऊ. इंजिनियर होऊन तरुणपणीच इंग्लंडला गेला, तिथलाच झाला, आणि गेल्या हिवाळ्यात तिथल्याच इस्पितळात वारला. त्याची राख आता अंगणातल्या कडुनिंबाला टांगलेल्या मडक्यात होती, लाल फडक्यात बांधलेली. ती घेऊन आली होती त्याची मुलगी, दीपिका. बायको आधीच गेलेली. बापलेक दोघंच राहायचे.

त्यांच्या भावकीत एक रीत होती. गावाबाहेर कोणी वारलं, तर ज्यानं त्याची राख उचलली त्यानंच ती घरी आणायची, आणि आणताना वाटेतलं गाव न् गाव त्याला मोठ्यानं सांगायचं. आता अमुक गाव आलं, चाल. नदी आली, चाल. मेलेल्या माणसाला डोळे नसतात म्हणे, कान असतात. मध्ये तोंड बदलायचं नाही. एकानं सुरू केली तर शेवटपर्यंत वाट त्यानंच सांगायची. फक्त उंबऱ्याशी आल्यावर घरातल्या सगळ्यांत मोठ्या बाईनं गावाचं नाव घेऊन आत बोलवायचं. एखादं गाव सांगायचं राहिलं, तर तो तिथंच थांबतो. आणि घरी पोचला, तर उंबऱ्यावरच्या लोट्यातलं पाणी पितो. पाणी उतरलं की मग राख नदीत सोडायची. त्याआधी नाही.

बी.एस्सी.ला असताना ज्योत्स्ना एकदा आईला म्हणाली होती, "माय, म्हणून उन्हाळ्यात मेलेले सारे घरी पोचतात. पावसाळ्यातलेच वाट चुकतात." लीलाबाईनं तिला पळी फेकून मारली होती. आता तिला त्या थट्टेची आठवणसुद्धा नको वाटत होती.

दीपिकाचं परतीचं विमान येत्या रविवारी होतं. राख उचलली होती तिनं, वाट सांगायचं तोंड तिचं. ती गेली की गजेंद्रला घरी आणणारं कोणी उरत नव्हतं, आणि लीलाबाई उंबरा सोडायला तयार नव्हती. जेवण तिथंच, झोप तिथंच. उन्हाच्या झळांनी तिचं अंग तापलं होतं.

"आत ये ना वं माय. पंख्याखाली बस जराशी."

"अन् तो आला तं? पोरगं समुद्रापलीकडून येऊन राह्यलं, अन् दारात मायच नाई?"

*

नागपूरच्या विमानतळावरून ज्योत्स्ना आणि दीपिका दुलीचंदच्या गाडीतून आल्या होत्या. दुलीचंद लामत्याचाच, भाड्यानं गाडी चालवणारा, बोलायला मोकळा. दीपिकाच्या मांडीवर राखेचा हिरवा प्लास्टिकचा डबा होता आणि हातात फोन. फोनमधली इंग्रज बाई रस्ता सांगत होती.

"दीदी, ये मॅडम तो सीधे लंदन की लगती है," दुलीचंद म्हणाला होता. "इनको अपने गड्ढे कैसे मालूम?"

रीत ज्योत्स्नानं दीपिकाला आधीच फोनवर समजावली होती. मुलगी हसेल असं तिला वाटलं होतं. ती हसली नाही. एवढंच म्हणाली, की हो, मला येईल ते.

आणि खरंच ती प्रत्येक गावाशी डब्याकडं वाकून सांगत होती. "डॅड, गॉन्डिया." मग "डॅड, रॅव्हनवाडी." रावणवाडीचं हे रूप ऐकून दुलीचंदला हसू आवरेना, त्यानं आरशातून ज्योत्स्नाकडं पाहिलं. राजेगावच्या पुलावर बाघ नदी ओलांडून गाडी मध्य प्रदेशात आली तेव्हा मुलगी म्हणाली, "रॅजिगॉन". ज्योत्स्ना खिडकीबाहेर बघत राहिली. फोनमधल्या बाईकडून उचललंय सगळं, तिला वाटलं. बापाच्या राखेला बापाच्या गावांची नावं सांगायची, तीही परक्या बाईच्या जिभेनं. तिला लाज वाटत होती, दुलीचंदसमोर जास्तच.

मग बालाघाट आलं, आणि दीपिका म्हणाली, "डॅड, बॅलागॅट."

"बालाघाट," ज्योत्स्नाच्या तोंडून शाळेतला आवाज निघाला. "बा, ला, घाट. घ. जीभ मागं ने. तो इथं कॉलेजला होता गं. निदान हे तरी नीट म्हण."

दीपिकानं नीट म्हटलं. दोनदा म्हटलं. ज्योत्स्नाच्या दोन खोल्या बालाघाटातच होत्या. तिथं थांबून त्या पाणी प्यायल्या, त्यांनी तोंडं धुतली, आणि गाडी पुढं निघाली. समनापूर, चरेगाव. आता मुलगी प्रत्येक नाव घ्यायच्या आधी आत्याच्या चेहऱ्याकडं बघायची, आत्या ओठ हलवायची, आणि मग ती हळू आवाजात, बरोबर, तेच म्हणायची. डब्याकडं वाकायचं मात्र ती विसरली होती. ज्योत्स्नाला हे तेव्हा दिसलं होतं. महत्त्वाचं वाटलं नव्हतं.

*

पाणी उतरेना, तेव्हा लीलाबाईनं दोष नातीच्या जिभेवर टाकला.

"इंग्रजी तोंड. त्याले काय समजन? कोणी मले म्हटलं रॅवन का फॅवन, तं मी उतरीन का गाडीतून?"

तिनं दीपिकाला समोर बसवून सगळी नावं घोकून घेतली. मुलगी बिचारी म्हणत राहिली. रावणवाडी. राजेगाव. बालाघाट. तिची जीभ अडखळली की लीलाबाई तिची हनुवटी धरायची, जसं लहान लेकराला घास भरवताना धरतात. मग एके सकाळी ज्योत्स्ना आणि दीपिका राख घेऊन पुन्हा राजेगावच्या पुलापर्यंत गेल्या आणि तिथून सगळी वाट शुद्ध मराठीत सांगत आल्या. ज्योत्स्नानं शेजारी बसून एकेक उच्चार तपासला. एकही चुकला नाही.

लोटा काठोकाठ.

त्याच संध्याकाळी ज्योत्स्ना बसनं बालाघाटला आली. सुटी होती, पण घराला कितीतरी दिवस कुलूप होतं, आणि लामत्याच्या त्या उंबऱ्यापासून तिला जरा लांब जायचं होतं. खोलीत शिरून तिनं माठातून पाणी घ्यायला भांडं बुडवलं, तर ते बुडाशी खणकन वाजलं. माठ कोरडा. निघताना तिनं तो गळ्यापर्यंत भरला होता, हे तिला नक्की आठवत होतं.

उकाडा आहे, तिनं स्वतःला सांगितलं. माठ पाझरतोच, पाझरतो म्हणून तर पाणी गार होतं. तिनं तो पुन्हा भरला, खाली वर्तमानपत्र पसरलं, तोंडावर झाकण ठेवलं. सकाळी माठ कोरडा होता. वर्तमानपत्रही कोरडं होतं. बोटांनी वाजवून पाहिला. खणखणीत, कुठं तडा नाही.

मग तिची नजर झाकणावर गेली. पाणी प्यायचं भांडं झाकणावर होतं, सुलटं, तळाशी थेंबभर पाणी. ज्योत्स्ना भांडं नेहमी उपडं घालायची. लहानपणी घरात एकच माणूस होतं, ज्याला हजारदा सांगूनही भांडं उपडं घालायची सवय लागली नव्हती, आणि त्यावरून आईची बोलणी खायचं.

ती स्वयंपाकघराच्या दारात बराच वेळ उभी राहिली. भीती वाटायला हवी होती. खोलीत नुसती ओल्या मातीची गार हवा होती, आणि आपल्याआधी कोणीतरी उठून घरात वावरतंय असं वाटायचा तो जुना, विसरलेला आराम. ती एकटी राहायची, खूप वर्षं. तिनं माठ भरला. भांडं होतं तसं सुलटंच राहू दिलं. त्या दिवशी तिनं लामत्याला फोन केला तेव्हा आईनं विचारलं, "काई समजलं का वं?" आणि ज्योत्स्ना म्हणाली, "नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी माठ पुन्हा रिकामा होता. इतकं पाणी. तिला एकदम जाणवलं की ही पाहुणचाराला आलेल्या माणसाची तहान नव्हे. ही वाटेत अडकलेल्या माणसाची आहे.

ती पहिल्या बसनं लामत्याला गेली.

*

दीपिका कडुनिंबाच्या सावलीत बाजेवर बसली होती, मडक्याच्या बरोबर खाली. ज्योत्स्नाशी ती इंग्रजीतच बोलायची.

"दीपिका, ती नावं तू फोनवरून शिकलीस ना? रॅव्हनवाडी वगैरे?"

"नाही. डॅडकडून."

"गजू असं म्हणायचा? तो आमच्याशी बोलायचा तेव्हा तर..."

"तुमच्याशी," दीपिका म्हणाली. मग तिनं बाजेची दोरी बोटानं ओढत सांगितलं. ती लहान असताना झोपवताना बाप तिला गोष्ट म्हणून घरची वाट सांगायचा. विमानातून उतरायचं, मग हे गाव, मग ते गाव, मग नदी. ती त्याच्यामागून म्हणायची. तिला ते घ, ते ळ, ते ण जमायचे नाहीत, ती चिडून रडायची. "मग एक दिवस तेच माझ्यासारखं म्हणायला लागले. गॉन्डिया, रॅव्हनवाडी, बॅलागॅट. पुढं मी मोठी झाले, तरी आमची वाट तीच राहिली. ऑफिसात कोणी विचारलं कुठले, तर बॅलागॅट. शेवटी शेवटी इस्पितळात त्यांना मराठी आठवायचं नाही, आत्या. म्हणजे तुमचं मराठी. झोप यायची नाही, तेव्हा मला म्हणायचे, वाट सांग. मी सांगायचे."

"सगळी?"

"लामत्यापर्यंत कधी पोचलेच नाही. बॅलागॅट आलं की त्यांना झोप लागायची." ती वर मडक्याकडं बघत नव्हती, पण आवाज तिनं खाली आणला. "त्या शेवटच्या दिवशीसुद्धा तिथंच लागली."

वर फांदीवर वारा नव्हता. मडकं मात्र संथ फिरत होतं. आधी एका बाजूला, मग दोरीचा पीळ उलटा सुटावा तसं दुसऱ्या.

ज्योत्स्नाला गाडीतली ती दुपार दिसली. डब्याकडं वाकलेली मुलगी, आणि आपला तो शाळेतला आवाज. तिथपर्यंत तो मुलीच्या शब्दाला शब्द लावून बिनचूक येत होता. बालाघाटला तिनंच त्याच्या कानातला आवाज काढून घेतला होता. तोंड दीपिकाचं ठेवलं, आणि आत बोलणारी बदलली.

"तो माझ्याकडं आहे," ती म्हणाली. "बालाघाटला. पाणी पितोय."

दीपिकानं तिला वेड्यात काढलं नाही. उठून चप्पल घालू लागली.

लीलाबाईला सांगणं जड गेलं. सगळं ऐकून ती एकदम भडकली.

"म्हणजे काय? माह्यं पोरगं मेल्यावर इंग्रज झालं? मी त्याले ह्याच घरात पैदा केलं वं. कोण्या मडमेनं नाई केलं."

"माय, तसं नाई..."

"मंग कसं?" तिनं पदरानं तोंड पुसलं. "जा. आना त्याले. कसाई आना."

*

दुलीचंदनं गाडी काढली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. बालाघाटच्या खोलीचं कुलूप ज्योत्स्नानं उघडलं, पण आत गेली ती दीपिका, मडकं छातीशी धरून. ज्योत्स्ना जिन्यात थांबली. आतून तिला मुलीचा आवाज ऐकू आला, सावकाश, निजलेल्याला उठवावं तसा.

"डॅड. दॅट वॉज बॅलागॅट. कम ऑन."

मग बाहेर येताना माठाजवळ भांडं घरंगळल्याचा आवाज झाला. दोघींनीही मागं वळून पाहिलं नाही.

"डॅड, सॅमनपोर," गाडीत दीपिका म्हणाली. ज्योत्स्नानं आपले ओठ दातांत धरले होते. दुलीचंद या वेळी हसला नाही. त्यानं रेडिओ बंद केला, आरसा वर वळवून ठेवला, आणि मागच्या सीटची एक बाजू रिकामी होती तिथली खिडकी न सांगता उघडली.

"दीदी, गाडी भारी चल रही है," थोड्या वेळानं तो हळूच म्हणाला. "चढ़ाई तो है नहीं यहाँ."

"चलने दो," ज्योत्स्ना म्हणाली.

दोन्ही बाजूंना सागाची उघडी झाडं, खाली वाळक्या पानांचा खच. "डॅड, चॅरिगॉन." चरेगावच्या फाटकाशी गाडी थांबली, मालगाडी गेली, आणि त्या सगळ्या खडखडाटात दीपिका मडक्यावर हात ठेवून पुन्हा पुन्हा तेच नाव म्हणत राहिली, कान बुजलेल्या माणसाला सांगावं तसं. तिच्या तोंडचं हे नाव आता ज्योत्स्नाला चुकीचं वाटेना. ते एका घरातलं नाव होतं. त्या घरात माणसं दोनच होती, त्यांतलं आता एक उरलं होतं.

घरी पोचल्या तेव्हा अंगणात उजेड पिवळा झाला होता. लीलाबाई उंबऱ्याच्या आत उभी होती, एक हात चौकटीला. आंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून.

"गजू, लामता आलं," ती म्हणाली. "ये, बाबा."

लोट्यातलं पाणी हललं नाही. तिनं पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं. गावात कोणाच्या तरी घरी टीव्हीचा आवाज चालला होता. कुंपणाशी बसलेलं कुत्रं उठलं आणि अंगणाच्या मधल्या एका रिकाम्या जागेकडं बघत, शेपूट पायांत घालून, मागं मागं सरकलं.

"आजी, मी म्हणू?" दीपिकानं विचारलं.

"नाई," लीलाबाई म्हणाली. "उंबऱ्याचं नाव माह्यं हाय." मग तिनं नातीला विचारलं, "काय म्हणे वं तो? आपल्या गावाले?"

"लॅम्टा."

लीलाबाईनं तोंड हलवून पाहिलं. समोरचे दात पडलेले. तो मधला स्वर तिला सापडेना. "लामटा."

"लॅम्. टा."

"लॅ..." ती थांबली. ज्योत्स्नाला वाटलं, आई आता रडेल, किंवा शिव्या देईल. लीलाबाई अंगणाकडं पाहत म्हणाली, "लहान होता तं त्याले लामता म्हणता नाई ये. लामा म्हणे. मी बी लामाच म्हणो. त्याच्या बापाले भल्ला राग ये. म्हणे, पोट्ट्याले चुकीचं शिकवतं." तिनं चौकटीवरचा हात सोडला आणि दोन्ही हात पुढं केले. "ये, गजू. लॅम्टा आलं. लॅम्टा हाय हे, बाप्पा. तुह्यं घर हाय. ये."

आधी पाण्याचा फुगीर काठ मोडला. मग ते वर्तुळ लहान होत लोट्याच्या पितळी भिंतीवरून खाली उतरत गेलं, घोट, आणि थांबून पुन्हा घोट, अगदी सावकाश. दीपिकानं आत्याचा दंड धरला होता. तळ दिसला तेव्हा लीलाबाई वाकली, लोटा उचलला आणि उंबऱ्यावर उपडा घातला.

"कवाच उपडं नाई घालत," ती पुटपुटली. मग आत जाऊन पंख्याखाली आडवी झाली आणि तिला झोप लागली.

*

राख शनिवारी वैनगंगेत सोडली. नदीला पाणी थोडं होतं, घोट्याच्या वर. दीपिका रविवारी गेली. विमानतळावर ती ज्योत्स्नाला म्हणाली, की आता मला वाट शेवटपर्यंत येते.

ज्योत्स्ना एकटीच बालाघाटला परतली. खोली बंद होती तशीच होती. विमानतळाकडं जाताना वाटेत थांबून तिनं माठ गळ्यापर्यंत भरून, खाली कोरडं वर्तमानपत्र ठेवून, भांडं झाकणावर मुद्दाम सुलटं ठेवलं होतं.

तिनं झाकण काढलं. वर्तमानपत्राला मधोमध ओलसर गोल डाग पडला होता, आणि पाणी बोटभर कमी झालं होतं. उन्हाळ्यात एवढं व्हायचंच.